आठवणीचं झाड जगवायचं कसं?

घरातलं माणूस गेलं की कुणीतरी म्हणतं, त्यांच्या नावानं एक झाड लावू. जरूर लावा. पण वर्षश्राद्ध मार्चमध्ये येतं म्हणून रोपही मार्चमध्ये लावायचा हट्ट सोडा. तिथीला जागा ठरवा, रोप जूनचे दोन-चार दमदार पाऊस झाल्यावर लावा.

सोसायटीत कमिटीची लेखी संमती घ्या, रस्त्याकडेला किंवा बागेत लावायचं तर महापालिकेच्या उद्यान विभागाची. ठाण्याजवळचं येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे परस्पर खड्डे खणायचे नाहीत. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, किंवा खाली पार्किंग असलेला पोडियम असेल, तर तिथे मोठं झाड नकोच.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि पावसाळी वाऱ्यात फार मोडतो. ताम्हण लावा, आपलं राज्यपुष्प आहे; नाहीतर बकुळ किंवा बहावा. नवी मुंबईत खाडीलगतच्या खारट जमिनीत करंज तग धरतो.

दोन फुटी खड्डा, माती, शेणखत. रोपाची पिशवी कापून काढा. अस्थींची रक्षा खड्ड्यात घालायची असेल तर चिमूटभरच, आणि ती भरपूर मातीत मिसळून. रक्षेत क्षार खूप असतात, सगळी एकदम ओतली की कोवळी मुळं जळतात.

लावणं एवढंच. खरं काम पाऊस थांबल्यावर सुरू होतं, आणि सुरुवातीला मलाही तेच सगळ्यात जड गेलं. ऑक्टोबरपासून पुढचा पाऊस येईपर्यंत आठ महिने कोरडे जातात. श्रद्धेनं लावलेली रोपं मरतात ती याच काळात.

रोज तांब्याभर पाणी घाला, हा सल्ला कृपा करून ऐकू नका. वरची दोन बोटं माती तेवढी भिजते, मुळंही वरच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात करपतात. त्यापेक्षा थंडीत आठवड्यातून एकदा आणि फेब्रुवारीपासून दोनदा, दीड बादली पाणी सावकाश जिरवा. आळं खोडाला चिकटून नको, फांद्यांच्या टोकांखाली गोल करा आणि झाड वाढेल तसं रुंदावत न्या. आळ्यात चार बोटं जाडीचा पालापाचोळा पसरा, फक्त खोडाभोवतीची जागा मोकळी ठेवा. सोसायटीत झाडलोट करणारे तो पाला कचरा समजून रोज सकाळी उचलतात. त्यांना स्वतः भेटून सांगा.

'आपण सगळे मिळून पाणी घालू' असं ठरलं की कुणीच घालत नाही. एका माणसाचं नाव ठरवा. माळीदादांना महिन्याचे पैसे द्यायला संकोच करू नका. मे महिन्यात निम्मी सोसायटी गावाला जाते आणि रोपाला पाण्याची गरज नेमकी तेव्हाच सर्वाधिक असते. गावाला निघण्याआधी शेजारच्या काकूंना चावीबरोबर पाण्याची बादलीही सोपवा. सोसायटीत सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प असेल तर ते पाणी झाडांना चालतं. दोन उन्हाळे हे नेमानं करायचं.

बांबूला रोप सुतळीनं सैल बांधा, तारेनं कधीच नाही. खोड जाड होतं तशी तार सालीत रुतते आणि झाड गळफास बसल्यासारखं वाळतं. रोपाभोवती संरक्षणाला लावलेली जाळीही खोडाला टेकायला लागली की काढून टाका.

नावाची पाटी खोडाला खिळे ठोकून लावू नका. जमिनीत छोटा खांब रोवून त्यावर लावा. आणि रोप मेलंच तर त्याच जागी, त्याच जातीचं दुसरं रोप पुढच्या जूनमध्ये लावायचं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.