व्हिपल रोगाचा जिवाणू वाढत नाही? या चुका टाळा

व्हिपल रोग हा मुख्यतः आतड्याला होणारा दुर्मीळ जिवाणूजन्य आजार. त्याचे वर्णन १९०७ सालचे, पण त्याचा जिवाणू ट्रोफेरिमा व्हिपलेई टिकून वाढू लागला तो २००० साली, फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये, मानवी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशींवर. पहिल्या मोजणीत त्याला दुप्पट व्हायला सुमारे १८ दिवस लागत होते. नंतर हा आकडा खूप खाली आला, तरी ई. कोलायसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूच्या सवयीने आठवड्यात 'निगेटिव्ह' लिहून व्हायल (वाढीची कुपी) फेकणे ही आजही सर्वांत महागडी चूक ठरते.

दुसरी चूक बाटलीतच असते. पेशींच्या माध्यमात (वाढीच्या पोषक द्रवात) पेन-स्ट्रेप, म्हणजे पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविके, घालायची हाताला सवय असते, आणि इथे मरतो तो आपलाच जिवाणू. पेशींवर रुग्णाचा नमुना टाकण्याआधी त्या प्रतिजैविकांशिवाय वाढवा आणि त्यांची मायकोप्लाझ्मा (पेशींत नकळत शिरणारा सूक्ष्म जिवाणू) चाचणीही करा. रुग्णाचे उपचार सुरू झाल्यावर घेतलेला किंवा फॉर्मॅलिनमध्ये पडलेला नमुना संवर्धनाला (प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला) निरुपयोगी. आतड्याच्या बायोप्सीत इतर जिवाणूंची गर्दी असते, म्हणून मणक्यातले पाणी किंवा हृदयाची झडप मिळाली तर ती आधी लावा.

पेशींशिवाय वाढवायचे असेल, तर साध्या ब्लड आगरवर (रक्त घातलेल्या घट्ट माध्यमावर) वेळ घालवू नका. २००३ साली जीनोम वाचल्यावर कळले की अनेक अमिनो आम्ले हा स्वतः बनवूच शकत नाही. १०० मिलि माध्यमासाठी ८८ मिलि डीएमईएम/एफ-१२ (पेशी वाढवायचे तयार पोषक द्रावण), १० मिलि फीटल काफ सीरम (वासराच्या भ्रूणाच्या रक्ताचा रक्तद्रव), १ मिलि एल-ग्लुटामिन आणि १ मिलि नॉन-इसेन्शियल अमिनो आम्लांचे १००एक्स (शंभरपट तीव्र) द्रावण घ्या. (नॉन-इसेन्शियल माणसाला, याला नव्हे!) तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. ग्लुटामिन द्रावणात हळूहळू विघटित होते, त्यामुळे महिनाभर पडून राहिलेली बाटली वापरू नका.

दोन दिवसांत माध्यम गढूळ झाले तर हुरळू नका, ती बाहेरची भेसळ. ग्राम स्टेन (जिवाणू ओळखायचा नेहमीचा रंग) फिका येतो, त्यावरून निकाल देऊ नका. पेशींच्या आत पीएएसने (शर्करायुक्त पदार्थ रंगवणाऱ्या रंजनाने) जांभळट-गुलाबी दाणे दिसतात का ते पाहा.

वाढ मोजताना एकच पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) पुरत नाही, कारण मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही पॉझिटिव्ह देतो. शून्याव्या दिवशी आणि मग दर आठवड्याला तेवढ्याच आकारमानाचा नमुना पीसीआरसाठी काढा. पेशीविरहित माध्यमात जिवाणू गुठळ्या करतो, म्हणून आधी पिपेटने नीट ढवळा. सीटी (डीएनए दिसायला लागणाऱ्या पीसीआर चक्रांची संख्या) ३.३ ने उतरला तर वाढ सुमारे दहापट. अर्धे माध्यम बदलले असेल, तर त्याबरोबर गेलेला डीएनए हिशेबात धरा.