पुली बदलली, एक्झॉस्ट बदलला, तरी डायनोवर आकडा कमी? या चुका टाळा

डायनोवर (गाडीची पॉवर मोजणाऱ्या रोलरच्या मशीनवर) आकडा कमी आला की बहुतेक लोक पहिलं काम काय करतात, तर तिथेच फोन काढून अजून एक पार्ट ऑर्डर करतात. अजून लहान पुली (सुपरचार्जर फिरवणारं बेल्टचं चाक), मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे), मोठा इंटरकूलर (दाबलेली गरम हवा गार करणारा), जे दिसेल ते. पुढच्या वेळी आकडा तेवढाच येतो, कधीकधी अजून खाली जातो, आणि मग ट्यूनरला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग करणाऱ्याला, शिव्या. इथे उदाहरणाला मी जुनी मिनी कूपर एस घेतोय, २००२ ते २००६ वाली, मॉडेल कोड आर५३. १.६ लिटरचं इंजिन, ईटनचा एम४५ सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), कंपनीतून १६३ हॉर्सपॉवर (नंतरच्या गाड्यांना १७०). यूके-अमेरिकेत राहणाऱ्या पोरांना सेकंडहँड परवडते, आणि घेतल्या घेतल्या पहिला मॉड (बदल) ठरलेला असतो: १५ टक्के लहान पुली.

आता पहिली चूक, आकडा खरंच कमी आहे का हेच कोणी बघत नाही. १६३ हा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनच्या दांड्यावरचा आकडा, चाकापर्यंत येता येता त्यातले १२-१५ टक्के गिअरबॉक्स आणि टायर खातात, म्हणजे स्टॉक गाडी चाकावर १४० च्या आसपास आली तर ती ठणठणीत आहे. त्यात करेक्शनचा, म्हणजे त्या दिवशीच्या हवेप्रमाणे आकडा जुळवून घेण्याचा घोळ वेगळा. एसएई आणि एसटीडी या त्याच्या दोन पद्धती. एसएई करेक्शन २५ डिग्री धरतं, एसटीडी वालं साधारण साडेपंधरा डिग्री आणि समुद्रसपाटीचं प्रेशर, त्यामुळे तीच गाडी तोच रन एसटीडीमध्ये चारेक टक्के जास्त दाखवते. मित्राची शीट एसटीडीमधली, तुमची एसएईमधली, डायनो वेगळ्या कंपनीचा, आणि तुम्ही इंजिन खोलायच्या गोष्टी करताय! तुमच्याच गाडीचा, त्याच डायनोवरचा मॉडच्या आधीचा रन नसेल तर 'कमी' म्हणजे कशापेक्षा कमी, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून बेसलाइन रन आधी, पुली नंतर, पैसे जातात पण जाऊ द्या. आणि शीटवर अनकरेक्टेड आकडापण मागून घ्या, उंचावरच्या गावात डायनो असेल तर तिथली हवाच पातळ असते.

दुसरी चूक या गाडीची खास आहे. आर५३ चा इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर बसतो आणि त्याला हवा बोनेटवरच्या स्कूपमधून मिळते. डायनोवाला सवयीने बोनेट उघडतो, मोठा पंखा पुढच्या बंपरसमोर लावतो, रेडिएटर गार, सगळे खूश. पण स्कूप तर बोनेटसोबत वर गेला ना! इंटरकूलरला हवा शून्य. ईटनचा हा रूट्स टाइप सुपरचार्जर मुळात हवा गरम करण्यात पटाईत, आणि पुली १५ टक्के लहान केली की तो १५ नाही, साडेसतरा टक्के जास्त जोरात फिरतो (१ भागिले ०.८५ करून बघा), म्हणजे उष्णता अजून जास्त. इनटेक टेंपरेचर ६०-७० डिग्रीच्या वर गेलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे घेतो आणि पॉवर गेली. हे ओळखायचं कसं, तर पाठोपाठ तीन रन करा, पहिला चांगला, दुसरा कमी, तिसरा अजून कमी आला तर हा हीट सोक आहे, म्हणजे सगळं तापून बसलंय, पार्ट खराब नाही. बोनेट बंद ठेवा आणि एक पंखा थेट स्कूपवर मारा, किंवा बोनेट उघडंच ठेवायचं असेल तर थेट इंटरकूलरवर, आणि दोन रनच्या मध्ये गाडीला श्वास घेऊ द्या.

तिसरी चूक जवळजवळ सगळेच करतात: बूस्ट गेज बघून निकाल लावणं. बूस्ट म्हणजे पॉवर नाही. सुपरचार्जर हवा ढकलतोय आणि इंजिन ती किती अडवतंय, त्याचं ते प्रेशर. एक्झॉस्ट मोकळा केला, हेडवर काम केलं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला की बूस्ट खाली येऊ शकतो आणि पॉवर वाढलेली असते. उलटं पण होतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) आतून वितळून चोक झाला की गेजवर बूस्ट मस्त, वाढलेलाच, आणि गाडी मात्र ओढत नाही. त्यामुळे बूस्ट चांगला पण आकडा कमी असेल तर सुपरचार्जरच्या मागे लागू नका, एक्झॉस्टचं बॅकप्रेशर, इनटेक टेंपरेचर आणि टायमिंग बघा.

बूस्टच कमी असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आणि इथे ग्राफचा शेप खूप काही सांगतो. स्टॉक आर५३ वरच्या आरपीएमला ११-१२ पीएसआय (दाबाचं माप) बूस्ट देते, १५ टक्के पुलीवर १५ च्या आसपास अपेक्षा ठेवा. खाली सगळं बरोबर आणि साडेपाच हजारानंतर बूस्ट वाढायचा थांबला किंवा खाली यायला लागला तर नव्वद टक्के वेळा बेल्ट घसरतोय. आवाज येईलच असं नाही! पुलीच्या आजूबाजूला काळी पावडर, पुलीला काचेसारखी चमक, हे बघा. लहान पुलीला बेल्ट कमी ठिकाणी धरतो, त्यात जुनाच लांब बेल्ट ठेवला तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) शेवटच्या टोकाला जाऊन बसतो आणि ताण देतच नाही. पुलीसोबत आखूड बेल्ट घ्या. आणि कृपा करून बेल्टवर तो चिकट स्प्रे मारू नका, आज आवाज बंद होईल, धूळ बसेल आणि दोन आठवड्यांत परत तेच.

बेल्ट नवीन, टेन्शनर नवीन, तरी घसरतोय? मग क्रँक पुली, म्हणजे बेल्ट फिरवणारी इंजिनची पुली. आर५३ च्या क्रँक पुलीत मधे रबर असतो, जुना झाला की सुटतो, आणि बाहेरची रिंग आतल्या भागावर स्वतःच फिरायला लागते. बेल्ट बिचारा रिंगला घट्ट धरून आहे, घसरतंय आत. टेस्ट अगदी सोपी, आतल्या भागापासून बाहेरच्या रिंगपर्यंत पांढऱ्या पेंटने एक सरळ रेघ मारा, एक रन करा, रेघ तुटून सरकली असेल तर चोर सापडला. याला पाच मिनिटं आणि पेंट पेन लागतो, आणि लोक याच्याआधी सुपरचार्जर उतरवून बसलेले असतात.

बूस्ट सगळ्याच आरपीएमला सारखा कमी असेल तर बायपास व्हॉल्व्ह बघा. हा व्हॅक्यूमवर चालतो, आयडलला (गाडी नुसती चालू असताना) उघडा असतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की बंद व्हायला पाहिजे. स्प्रिंग ढिली झाली किंवा शाफ्ट अडकला की सुपरचार्जरने दाबलेली हवा परत त्याच्याच तोंडात जाते. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने आर्म ओढून बघा, सोडल्यावर खटकन बंद झाला पाहिजे. आणि इंटरकूलरच्या दोन्ही बाजूचे रबर बूट! इंजेक्टरसारख्या कामासाठी कोणीतरी इंटरकूलर काढतो, परत बसवताना बूटाची कड दुमडते, वरून दिसत नाही. स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या.

फ्युएल आणि स्पार्कचं थोडक्यात. फुल थ्रॉटलला (पूर्ण ॲक्सिलरेटरवर) एअर-फ्युएल रेशो, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, साडेअकरा ते बाराच्या आसपास हवा, वर जाताना लीन (पेट्रोल कमी) होत असेल तर इंजेक्टर संपले किंवा पंप दमला. खूप रिच (पेट्रोल जास्त) असेल तरी पॉवर जाते हे विसरू नका. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा) आणि गॅप थोडा कमी ठेवा, नाहीतर बूस्टमध्ये स्पार्क विझतो आणि ग्राफ करवतीच्या दातांसारखा दिसतो. ट्यून ९९ ऑक्टेनवर केलेली आणि टाकीत ९५ असेल तर डायनोवाल्याची चूक नाही. भारतात तर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, जुनी ट्यून त्यावर आपोआप जुळेल असं धरू नका.

आणि डीएससी (चाक घसरलं की पॉवर कापणारी सिस्टिम) बंद केलं होतं का? पुढची चाकं शंभरच्या स्पीडला आणि मागची उभी, गाडीला वाटतं चाक घसरतंय, ती गुपचूप थ्रॉटल (इंजिनला हवा सोडणारी झडप) बंद करते. म्हणून लॉगमध्ये (रनच्या वेळी ईसीयूमधून घेतलेल्या नोंदींत) आरपीएम, बूस्ट, इनटेक टेंपरेचर, टायमिंग यांच्यासोबत थ्रॉटलचा अँगल पाहिजेच, पेडल शंभर टक्के म्हणजे थ्रॉटल शंभर टक्के नाही. टॉर्क विचित्र पण पॉवर बरोबर वाटत असेल तर आरपीएमचा सिग्नल चुकीचा पकडलाय, कारण टॉर्क हा पॉवर आणि आरपीएमवरून काढलेला असतो.

एवढं सगळं बरोबर निघालं आणि आकडा खालपासून वरपर्यंत सपाट कमी असेल, तेव्हाच कॉम्प्रेशन आणि लीकडाऊन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब धरतात का ते बघणं. आर५३ चं कॉम्प्रेशन रेशो ८.३ च आहे, त्यामुळे गेजवरचा आकडा दुसऱ्या गाडीपेक्षा कमी दिसला म्हणून घाबरू नका, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा. पुण्यात असेंबल झालेली जुनी मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर असेल तर मात्र क्रम थोडा बदला. तिला मास एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) आहे, इंजिनच्या ब्रीदर पाइपला (आतली वाफ बाहेर नेणाऱ्या) तडा गेला तरी मोजमाप बिघडतं, आणि त्या इंजिनाच्या टायमिंग चेनची आणि कॅमच्या ॲडजस्टरची झीज तर बदनामच आहे, तेव्हा तिथे चेन तपासल्याशिवाय पुलीला हातच लावू नका.