रूटचा पासवर्ड बरोबर, तरी सर्व्हर आत घेईना?

रावेरच्या एका केळीच्या वखारीतला लिनक्स सर्व्हर मी जळगावात बसून एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सुरक्षित सोयीने, सांभाळतो. त्यावरचं सर्वाधिकारी खातं म्हणजे रूट. परवा तिथल्या मुलाचा फोन आला, "दादा, नवीन मशीनवर रूटचा पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी 'परमिशन डिनाइड' येतंय."

अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका. ओपनएसएसएच या एसएसएच पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 7.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून, रूटला पासवर्डने दुरून आत येण्याची मुभा मुळातच बंद असते. ती बंदच राहू द्या, कळकळीने सांगतो. साध्या खात्याने आत या आणि पुढे सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने काम करून देणारी कमांड, वापरा.

सुडोनेही नकार दिला, तर बहुधा खातं योग्य गटात नाही. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत हा गट 'सुडो', रेड हॅटच्या घराण्यात 'व्हील'. गटात घालायला रूटच लागतो, म्हणून त्या मुलाला सर्व्हरसमोर बसवून तिथल्याच कीबोर्डवरून रूट लॉगिन करायला लावलं.

बहुतेक जण अडकतात ते यानंतर. गटात घातलं तरी चालू सेशनला ते कळत नाही. लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागतं. नुसती 'आयडी' कमांड चालू सेशनचे गट दाखवते, पुढे खात्याचं नाव दिलं तर नोंदीतले. दोन्हीत फरक दिसला की दुखणं सापडलं.

सुडो कोणाला चालेल ते ठरवणारी सुडोअर्स फाइल मात्र व्हीसुडो या कमांडनेच उघडा, चूक असली तर ते आधीच टोकतं. आणि बदल तपासून होईपर्यंत एक जुनी रूट खिडकी उघडीच ठेवा, नाहीतर भर उन्हात रावेरला गाडी काढावी लागते.