मॉस बॉल तपकिरी पडतोय? टाकीतल्या या चुका टाळा

माशांच्या टाकीत ठेवतात तो मॉस बॉल म्हणजे मॉस नावाची वनस्पती नाहीच, आणि निम्मी गडबड या नावामुळे होते. हा एगाग्रोपिला लिनेई नावाच्या हिरव्या शैवालाच्या धाग्यांचा गोळा आहे. त्याला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. आपण मराठीत सगळ्यालाच सरसकट शेवाळ म्हणतो, ते इथे मात्र अचूक बसतं. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या अकान सरोवरात असे गोळे तळाशी वाढतात. तिथे त्यांना मारिमो म्हणतात आणि १९५२ पासून त्यांना विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. गार पाणी, अंधुक उजेड आणि लाटांबरोबर हळूहळू लोळणं, असं त्याचं तिथलं आयुष्य. घरच्या टाकीत यातलं काय हुकतंय ते आधी बघा.

खिडकीतली जागा

बरणीत एक हिरवा गोळा, वर ऊन पडलंय, हे दिसायला फार सुंदर दिसतं. गोळ्याला मात्र ते मानवत नाही. थेट उन्हाने धागे आधी फिकट होतात, मग पांढरे किंवा तपकिरी पडतात. शिवाय लहान बरणीतलं पाणी झटकन तापतं. २५ अंशांच्या वर बराच काळ राहिलेलं पाणी त्याला सोसत नाही, त्यामुळे हीटर लावलेल्या उबदार टाकीत त्याला ठेवू नका. रंग उडाला असेल तर गोळा सावलीत, गार पाण्यात हलवा आणि काही आठवडे वाट बघा. तो वर्षाला साधारण ५ मिलिमीटर वाढतो, तेव्हा सुधारणाही त्याच चालीने होते.

एकाच कुशीवर पडून राहणं

सरोवरात लाटा फिरवतात, टाकीत ते काम आपलं. महिनोन्महिने न हलवलेला गोळा खालून चपटा होतो आणि तिथेच तपकिरी पडतो. पाणी बदलताना दर वेळी त्याची कूस बदला.

त्याच वेळी धुऊनही घ्या. टाकीतलंच थोडं पाणी भांड्यात काढा, गोळा त्यात बुडवा आणि ओल्या स्पंजसारखा हलकेच दाबा. पहिल्या दाबालाच चहासारखं गढूळ पाणी निघतं. फिल्टर नीट चालू असला तरी माशांची विष्ठा आणि बारीक गाळ धाग्यांत अडकतोच. पाणी बऱ्यापैकी निवळ यायला लागलं की तळहातांत लाडूसारखा वळून परत सोडा. पिळे देऊन पिळू नका, धागे तुटतात. मला हे काम मनापासून आवडतं, कारण बोटांना लगेच कळतं: निरोगी गोळा घट्ट लागतो, आजारी बुळबुळीत. कुजका वास आला तर तो भाग निर्दयपणे तोडून टाका. उरलेल्या हिरव्या भागाचा पुन्हा लहान गोळा वळता येतो.

शेवाळावरचं औषध

काच हिरवी झाली म्हणून मी एकदा टाकीत शेवाळनाशक घातलं. काच स्वच्छ झाली, मॉस बॉल मात्र गेला. चूक सर्वस्वी माझी होती: तो शैवाल आहे हे माहीत असूनही त्या क्षणी सुचलं नाही. तांबं असलेली माशांची औषधंही तशीच घातक. औषध द्यायचंच असेल तर आधी गोळा वेगळ्या भांड्यात काढा. त्याच्यावर दुसरं लांब केसांसारखं शेवाळ चढलं असेल तर ते चिमट्याने वेचून काढा, वेळ लागला तरी चालेल.

गोल्डफिशबरोबर ठेवू नका, ते कुरतडून पिंजून टाकतात. छोट्या कोळंब्या उलट त्याच्यावर बसून कचरा साफ करतात.

गोळा तरंगतोय म्हणून घाबरू नका. नवीन असेल तर आत हवा अडकलेली असते, पाण्याखाली धरून दाबा. जुना तरंगला तर बहुधा प्रकाशसंश्लेषणातल्या ऑक्सिजनचे बुडबुडे त्याला वर उचलतात.

आणि नवा गोळा थेट टाकीत टाकू नका. २०२१ मध्ये अमेरिकेत दुकानांतल्या मॉस बॉलमध्ये झेब्रा शिंपले सापडले होते. हे शिंपले नद्या-तलावांत एकदा पसरले की आवरत नाहीत. त्यामुळे गोळा बोटांनी चाचपा, काही टणक लागतंय का बघा, काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवा. त्या भांड्यातलं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका.