एसएमएसएफचा ऑडिटर: घरचा नको, उशिरा नको

ऑस्ट्रेलियात निवृत्तीचा पैसा स्वतःच सांभाळायचा म्हणून एसएमएसएफ (सेल्फ-मॅनेज्ड सुपर फंड, म्हणजे स्वतःच चालवायचा निवृत्ती फंड) काढलेली बरीच मराठी मंडळी ऑडिटला ‘अकाउंटंट बघेल’ म्हणून सोडून देतात. तसं करू नका. ऑडिटर नेमणं ही ट्रस्टी, म्हणजे फंडाचे विश्वस्त, म्हणून तुमची जबाबदारी आहे, आणि फंडाचा वार्षिक रिटर्न भरण्याच्या मुदतीच्या किमान 45 दिवस आधी तो नेमावा लागतो. वर्षभरात फंडात एक डॉलरही आला नसला तरी ऑडिट चुकत नाही.

ऑडिटर ‘असिक’कडे (ASIC, कंपन्या आणि वित्तीय सेवांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदलेला आणि स्वतंत्र हवा. नातेवाईक किंवा धंद्यातला भागीदार चालत नाही. फंडाचे हिशेब जी फर्म लिहिते तिच्याकडूनच ऑडिट करून घेणंही आता जवळपास बंदच झालंय. स्वस्त पॅकेज घेताना हे आधी विचारा.

ऑडिटर नुसती बेरीज-वजाबाकी तपासत नाही, कायदा पाळला का तेही बघतो. फंडाचे शेअर चुकून स्वतःच्या नावावर राहिलेत? फंडातून मेव्हण्याला ‘तात्पुरते’ पैसे दिलेत? हे त्याला दिसणारच, आणि ठरावीक प्रकारचं उल्लंघन असेल तर करखात्याला, म्हणजे एटीओला, कळवणं त्याला बंधनकारक आहे. त्यामुळे गडबड लक्षात येताच ती दुरुस्त करायला घ्या आणि कागदांसकट त्याला आपणहून सांगा. त्याने लेखी कागद मागितले की 14 दिवसांत द्यावे लागतात. बँक स्टेटमेंट, 30 जूनच्या बाजारभावाचा पुरावा आणि गुंतवणूक धोरण एका फोल्डरमध्ये तयारच ठेवा.