घडीच्या चाकूचं पातं: ग्राइंडिंगमधले बारीक फरक कसे वाचायचे

ग्राइंडची रेघ (पात्याचा घासून उतरता केलेला भाग जिथे सुरू होतो ती कड) दोन्ही बाजूंना सारखी नाही म्हणून पातं थेट रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकणं, ही तपासणीच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांची ठरलेली खोड. रेघ नजरेत भरते, धारेमागची जाडी भरत नाही. पण चाकू कसा कापेल हे ठरतं त्या जाडीवर. म्हणून आधी थोडं गणित करा, मग पातं हातात घ्या.

३ मिमी जाडीचं, फ्लॅट ग्राइंडचं (सपाट उताराने घासलेलं) एक पातं समजा. काठापासून रेघेपर्यंतची उंची २० मिमी आणि धार लावण्याआधी काठाची जाडी ०.५ मिमी. म्हणजे प्रत्येक बाजूने काठाशी १.२५ मिमी माल निघाला आणि उतार जेमतेम साडेतीन अंशांचा झाला. इतक्या निजत्या उतारावर व्हील, म्हणजे घासायचं चाक, ०.१ मिमी जरी जास्त आत गेलं, तरी रेघ १.६ मिमी वर चढते. सोळापट! पात्यावर मिलिमीटरभर सरकलेली रेघ दिसली, तर मूळ चूक मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी असते. फॅक्टरीतून आलेल्या एकाच मॉडेलच्या दोन चाकूंच्या रेघा जुळत नाहीत त्याचं मुख्य कारण हेच. ती चूक प्रत्येक वेळी हलगर्जीपणाची नसते.

आता खरी मेख. रेघ वर चढायची कारणं दोन, आणि दोन्हींत पातं सारखंच दिसतं. दोन्ही व्हील ०.१ मिमी जास्त आत गेली तर रेघ १.६ मिमी वर जाते आणि काठ ०.५ वरून ०.३ वर येतो. पत्राच ३ ऐवजी ३.२ मिमी आला असेल तर रेघ तेवढीच वर जाते, पण काठ ०.५ चा ०.५ राहतो. पहिल्या प्रकारात मशीनचं सेटिंग बघायचं, दुसऱ्यात स्टोअरमध्ये जाऊन पत्र्याचा लॉट मोजायचा. काठ न मोजता सेटिंगला हात लावला, तर दुसऱ्या प्रकारात चांगला काठ तुम्हीच बिघडवता.

तिसरा प्रकार असा: एका बाजूची रेघ वर आणि दुसऱ्या बाजूची तेवढीच खाली. इथे पातं मधोमध बसलेलं नसतं. ०.०५ मिमीने सरकलं की दोन रेघांत १.६ मिमीचा फरक दिसतो, पण काठाची जाडी बदलत नाही, धार फक्त केसभर बाजूला जाते. दिसायला हे सगळ्यात वाईट, कापायला जवळपास निर्दोष. उलट दोन्ही बाजूंना अगदी जुळणाऱ्या रेघा असलेलं देखणं पातं काठाला ०.२ मिमी पातळ असू शकतं, आणि ते कडक लाकडात वळवलं की त्याच्या धारेचा तुकडा उडतो. दिसण्यावर रिजेक्ट करायचं की नाही हे ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सने (किती फरक चालेल त्या मर्यादेने) ठरतं. पण दिसण्याचा दोष आणि कामाचा दोष रजिस्टरमध्ये वेगळ्या रकान्यांत लिहायची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या.

मोजायचं तीन ठिकाणी: टाचेजवळ (पात्याच्या मुठीकडच्या टोकाशी), मध्यावर आणि टोकापासून ५ मिमी आत. व्हर्नियरच्या जबड्यांची टोकं काठावर तिरपी बसली की जाडी जास्त दाखवतात, त्यामुळे इथे पॉइंट मायक्रोमीटर बरा. धार लावलेल्या पात्यावर धारेच्या पट्टीच्या (धार लावताना काठाला घासल्या जाणाऱ्या चिंचोळ्या भागाच्या) वरच्या खांद्याशी मोजा. मायक्रोमीटर नसेल तर पट्टीची उंचीच बरंच सांगते. प्रत्येक बाजूला २० अंशांची धार असेल, तर खांद्याशी ०.३ मिमी जाडीला पट्टी साधारण ०.४ मिमी उंच होते, ०.५ ला ०.७ आणि ०.७ ला जवळपास १ मिमी. पोटाकडून (काठाच्या बाकदार भागाकडून) टोकाकडे पट्टी थोडी रुंद होत जाते, कारण तिथे काठ वळून वर जातो आणि जाड भागात शिरतो. बहुतेक पात्यांत हे चालायचंच. पण सरळ भागात मध्येच पट्टी फुगली किंवा आकसली, तर तिथे ग्राइंड लहरलं आहे किंवा धार लावणाऱ्याचा हात थांबला आहे. यातलं काय झालं हे जाडी मोजून ठरवा: जाडी सारखी आणि पट्टी वेगळी, तर कोन बदलला.

फरक येतात कुठून? सगळ्यात क्षुल्लक कारण सगळ्यात जास्त वेळा सापडतं: फिक्स्चरवर (पातं पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) चिकटलेला बुरा, म्हणजे घासताना पडलेला चुरा. पातं टाचेकडे २५ मिमी लांबीत पकडलेलं असेल आणि त्या पकडीच्या एका टोकाखाली ०.०५ मिमीचा कण अडकला असेल, तर पकडीपासून ७५ मिमी पुढे टोक ०.१५ मिमीने कलतं. त्याला सोळाने गुणा. टाचेशी जुळलेल्या आणि टोकाकडे फाकत गेलेल्या रेघा दिसल्या की आधी फिक्स्चर पुसा, मग बाकीचं. तसाच दिसणारा दुसरा दोष म्हणजे पाणी चढवताना (तापवून, झटकन थंड करून कडक करताना) पात्याला आलेला वाक. तो ओळखायला पातं सरफेस प्लेटवर ठेवून टाचेकडच्या न घासलेल्या सपाट भागाशी आणि पाठीशी फीलर गेज सरकवून बघा. वाकलेलं पातं घडीत बंद केल्यावर एका लायनरकडे (मुठीच्या आतल्या पत्र्याकडे) झुकतं, आणि तेव्हा नवखा माणूस पिव्हटचा (पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळीचा) स्क्रू आवळत बसतो.

हॉलो ग्राइंडमध्ये (बाजू खोलगट घासलेल्या पात्यात) व्हीलचा व्यास मोजत राहावा लागतो. २५० मिमी व्हीलने २० मिमी उंचीचा ग्राइंड केला तर मधला खोलगटपणा ०.४ मिमी येतो. तेच व्हील झिजून, ड्रेसिंग (व्हीलचा पृष्ठभाग तासून ताजा करणं) होऊन २०० मिमीवर आलं की ०.५ मिमी. काठाची जाडी आणि रेघ दोन्ही बरोबर असूनही पातं मधून एकूण ०.२ मिमी बारीक झालं.

नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा धरा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली सकाळची शिफ्ट व दुपार यांत १५ अंशांचा फरक सहज पडतो. अर्धा मीटर लांबीचं पोलाद तेवढ्यात साधारण ०.०८ मिमी वाढतं. यातलं किती व्हील आणि जॉबमधल्या अंतरात उतरेल, हे मशीनच्या बांधणीवर ठरतं, पण सकाळी सातला केलेलं सेटिंग दुपारी दोनला पुन्हा तपासलंच पाहिजे. टाकीतलं पाणी उडून कूलंट (घासताना थंड ठेवणारं तेल-पाण्याचं मिश्रण) घट्ट होतं. रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रण किती दाट ते दाखवणाऱ्या उपकरणावर) बघून पाणी किंवा पातळ मिश्रण घाला. डोळ्यांच्या अंदाजाने तेल ओतत राहू नका.

शेवटची धार बऱ्याच कारखान्यांत आजही माणूस बेल्टवर हाताने लावतो. त्यामुळे एका बाजूला १८ आणि दुसऱ्या बाजूला २२ अंश असं सर्रास निघतं. एकूण ४० भरतात, चाकू कापतो. तो फरक काढायला पुन्हा बेल्टवर धरणं म्हणजे माल आणि टेम्पर (पोलादाला ठरावीक उष्णतेने दिलेला कडकपणा) दोन्ही घालवणं. चाकूची बरीच स्टेनलेस पोलादं १५० ते २०० अंशांना टेम्पर केलेली असतात, आणि कोरड्या बेल्टवर केसाएवढी धार त्यापुढे क्षणात जाते. निळा रंग दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या कार्बन पोलादावर लवकर दिसणारा रंग स्टेनलेसवर बराच जास्त तापल्यावर येतो. नव्या चाकूची पहिली धार लवकर उतरते आणि दगडावर दोन-तीनदा लावल्यावर टिकायला लागते, त्यामागे बऱ्याचदा हीच भाजलेली कड असते. कधी कधी बर (धारेला चिकटून राहिलेली धातूची बारीक कड) नीट निघालेली नसते, तेही लक्षात असू द्या. कोन तपासायला काळ्या मार्करने पट्टी रंगवा, बारीक दगडावर एकच हलका हात मारा आणि शाई कुठून गेली ते १० पट भिंगातून बघा.

कामाबद्दल थोडं. आयटीआयची मशिनिस्ट ग्राइंडर ही ट्रेड दोन वर्षांची. तिथे सरफेस आणि सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवर भर असतो, पण व्हीलची रिंग टेस्ट (हलकं ठोकून आवाजावरून तडा ओळखणं), ड्रेसिंग आणि मायक्रोमीटर वापरणारा हात इथे जसाच्या तसा कामाला येतो. घडीच्या चाकूंसाठी नाव असलेली गावं वेगळी आहेत: उत्तर प्रदेशातलं रामपूर, जर्मनीतलं झोलिंगन, जपानमधलं सेकी, चीनमधलं यांगजिआंग. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत काम बघायचं तर टूल अँड कटर ग्राइंडिंग किंवा मशीनच्या ब्लेडना धार लावणं असं विचारा. मोजमापाची शिस्त तीच. मुलाखतीत हातात पातं दिलं तर मत देण्याआधी मायक्रोमीटर मागा.

आपल्या भागात घडीच्या चाकूला कायमचं गिऱ्हाईक आहे ते संत्र्याच्या रोपवाटिकांचं. शेंदुरजनाघाट, वरूडकडे जंबेरीच्या खुंटावर डोळा भरतात (संत्र्याची कळी बसवून कलम करतात), आणि कलमाच्या चाकूंत एकच बाजू ग्राइंड केलेली व दुसरी सपाट अशी पाती पुष्कळ असतात. त्यांना वरचा जुळणीचा नियम लावू नका. इथे सपाट बाजू खरोखर सपाट आहे का, एवढंच आधी बघायचं: स्टीलची पट्टी आडवी धरा, उजेड दिसता कामा नये. त्या बाजूला धारेचा कोन कधीच द्यायचा नाही, बर काढायला दगडावर पूर्ण आडवं ठेवून दोन हात पुरेत. आणि ऑर्डर घेतानाच डावखुऱ्यांसाठी किती हवेत ते विचारून घ्या, कारण त्यांची ग्राइंड केलेली बाजू उलटी असते.