जवळच्या माणसांवर छायाचित्र-प्रकल्प सुरू करताना

स्वतःचा छायाचित्र-प्रकल्प सुरू करायचा म्हटले की बहुतेकांच्या मनात आधी लांबचा प्रवास येतो. माझे मत नेमके उलटे आहे. जिथे घरातून निघून अर्ध्या तासात पोहोचता येते आणि चित्र घेतले नाही तरी सहज डोकावता येते, अशी जागा पहिल्या प्रकल्पासाठी निवडावी, कारण अशा कामात कॅमेऱ्यापेक्षा परत परत जाणे अधिक उपयोगी पडते. अमेरिकेतील बफेलो शहरातले मिल्टन रोगोव्हिन हे पेशाने चष्म्यांसाठी डोळे तपासणारे होते. 1972 मध्ये त्यांनी शहरातल्या एका गरीब वस्तीतील रहिवाशांची चित्रे घेण्यास सुरुवात केली, आणि पुढे अनेक वर्षांच्या अंतराने त्याच माणसांकडे जाऊन पुन्हा पुन्हा त्यांची चित्रे घेतली. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरील छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचे कामही आपल्याच शहरातल्या, रोज दिसणाऱ्या आणि तरीही न पाहिल्या गेलेल्या माणसांवरचे आहे.

उदाहरणादाखल पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी घेऊ. पेशवाईपासून येथे तांब्याची भांडी घडवणारी त्वष्टा कासार समाजाची घरे आहेत. बंब, हंडा, घंगाळ, कळशी यांच्या अंगावर हातोडीने एकसारखे ठोके उमटवण्याच्या कामाला येथे मठारकाम म्हणतात. मात्र ‘तांबट आळी’ हा विषय झाला, प्रकल्प नव्हे. ‘घरातला बंब गेल्यावर हा कारागीर आता कोणासाठी काय घडवतो?’ किंवा ‘पुढची पिढी हातोडी हातात घेते का?’ असा एखादा प्रश्न वहीत एका वाक्यात लिहून ठेवावा. काय टिपायचे आणि काय सोडायचे, हे त्या वाक्यावरूनच ठरते.

पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच असू द्यावा. धनत्रयोदशीच्या आधीचे दिवस आणि लग्नसराई टाळावी, कारण तेव्हा कारागिराला मान वर करायलाही सवड नसते. ठोके चालू असताना हाक मारू नये. हात थांबला, चहा आला, की मगच ‘काका, थोडं बोलू का?’ असे विचारून आपण कोण, काय करू पाहतो आणि चित्रे कुठे दिसतील, हे साध्या मराठीत सांगावे. चित्र घेण्याची, नावासह प्रसिद्ध करण्याची आणि विकण्याची परवानगी वेगवेगळी मागावी व तारखेसह वहीत नोंदवावी. लहान मुलांसाठी आईवडिलांना विचारावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार अशा स्वतःहून केलेल्या कामातील छायाचित्राचा हक्क सामान्यतः ते काढणाऱ्याकडे असतो आणि त्याच्या हयातीत व मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. ज्याचा चेहरा त्यात आहे त्याच्या हाती बहुधा आपण दिलेला शब्दच उरतो, म्हणून तो शब्द स्पष्ट असावा आणि पाळला जावा.

आता प्रत्यक्ष चित्रीकरण. अशा कारखान्यांत उजेड बहुधा दारातून येतो आणि आत एखादा दिवा असतो. 35 किंवा 50 मिलिमीटरची एकच लेन्स पुरते. कारागीर जमिनीवर बसून काम करतो, त्यामुळे आपणही बसावे. उभ्याने घेतलेल्या चित्रात त्याचे टाळूवरचे केस आणि पाठ दिसते, नजर दिसत नाही, आणि या कामात सगळे लक्ष नजरेत असते, कारण पुढचा ठोका कुठे पडणार ते हाताआधी डोळ्यांनी ठरवलेले असते. समोरून फ्लॅश मारला तर मठारलेला पृष्ठभाग सपाट, निर्जीव दिसतो. दाराचा उजेड बाजूने तिरपा घेतला तर प्रत्येक ठोक्याची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते, आणि मगच त्या रांगांचा नेमकेपणा कळतो. चकाकी पांढरी फटक होऊ नये म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, थोडे कमी ठेवावे, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, हाताने ठरवावा, कारण स्वयंचलित मापन तांब्याचा तांबूसपणाच खोडून काढू पाहते. हातोडी वर जाऊन क्षणभर थबकते, तेव्हा शटर 1/125 सेकंद उघडे राहिले तरी ती स्पष्ट मिळते. 1/30 सेकंदाला, कॅमेरा स्थिर असेल तर, चेहरा आणि भांडे ठळक राहून हातोडी तेवढी पुसट होते.

जुनेपणाच्या मोहात पडून चौकटीतून यंत्र, मोबाइल किंवा प्लॅस्टिकची बादली वगळू नये. तयार पत्रा आणून यंत्रावर आकार दिला जात असेल, तर तेही दाखवावे, कारण आजचा कारागीर असाच जगतो. पॉलिश कोण करते, हिशेब कोण ठेवते, गिऱ्हाइकाचा फोन कोण घेते, हेही विचारावे. ठोके मारणाऱ्या हातांपाशीच थांबलेल्या प्रकल्पातून घरातल्या बायका सहज निसटतात, आणि ही उणीव मला फार खटकते.

प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी नावे, नाती, अवजारांची त्यांनी सांगितलेली नावे आणि तारीख लिहून काढावी, आणि मूळ फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. पुढच्या खेपेला कागदावर छापलेली चित्रे नेऊन द्यावीत. त्यांना हवा असलेला फोटो बहुधा वेगळा असतो: स्वच्छ सदरा घालून, नातवंडांसह, सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारा. तोही तितक्याच मनापासून काढून द्यावा.

निवड करताना ‘चांगली’ चित्रे बाजूला काढण्याऐवजी छोट्या प्रती जमिनीवर मांडून, वहीतल्या प्रश्नाला कोणते चित्र काही नवे सांगते, ते पाहावे. वीस चित्रांत बरेच सांगून होते. पहिले प्रदर्शन दालनात न करता आळीतच, एखाद्या मंडळाच्या मांडवात किंवा कारखान्याच्या भिंतीवर, प्रत्येक चित्राखाली माहितीच्या मराठी ओळींसह लावावे. ओळींतल्या चुका तिथले लोक लगेच दाखवतात. त्या दुरुस्त कराव्यात, कोणी आपले चित्र हटवायला सांगितले तर ते उतरवावे, आणि त्यानंतरच तो संच बाहेर पाठवावा.